पाच सेंटिमीटरचा सैनिक आणि त्याच्या पायाखालची माती

लष्करी फिगर, म्हणजे सैनिकाची छोटी प्रतिकृती, रंगवायला नव्यानं बसणारे बहुतेकजण सगळा जीव फिगरवर ओततात आणि बेस शेवटी उरकतात. चेहरा झकास, गणवेश झकास आणि पायाखाली हिरव्या गवताचा एक तुकडा, जो जगात कुठलाही असू शकतो. असा सैनिक तिथे उभा राहिलाय असं वाटत नाही, कुणीतरी आणून ठेवलाय असं वाटतं. म्हणून या लेखात मी दोन्ही कामं शेवटपर्यंत हातात हात घालून चालवणार आहे. १/३५ प्रमाणातला एक माणूस आणि त्याच्या पायाखालची सात-आठ सेंटिमीटर जमीन, एवढंच.

रणगाडे, तोफा, पाच-सहा जणांचे देखावे यांचा मोह पहिल्या वेळी बाजूला ठेवा. नाशिकमध्ये राहून तोफेचा मोह आवरणं अवघड आहे हे मला समजतं. देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी, नाशिकरोडला तोफखान्याचं केंद्र, २०१८ च्या नोव्हेंबरात के-९ वज्र आणि एम-७७७ या तोफा लष्करात दाखल झाल्या त्याही देवळालीतच. पण दुसऱ्या महायुद्धातल्या पंचवीस पौंडी तोफेमागे सहा जणांची तुकडी असायची. सहा चेहरे करायच्या आधी एक चेहरा नीट जमू द्या.

आधी माणूस, मग डबा

किट, म्हणजे जोडायच्या भागांचा डबा, मागवण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा: कोण, कुठे, कोणत्या महिन्यात. महिन्याला मी फार महत्त्व देतो. गणवेशाचं कापड, मातीचा ओलेपणा, गवताचा रंग, बुटांवर धूळ की चिखल, हे सगळं महिन्यावरून ठरतं.

एकाच रेजिमेंटमधली दोन उदाहरणं घेऊ. दोघेही मराठा लाइट इन्फंट्रीचे, दोघेही इटलीत लढले, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. नाईक यशवंत घाडगे यांची लढाई १० जुलै १९४४ ची, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातली. शिपाई नामदेव जाधव यांची ९ एप्रिल १९४५ ची, सेनिओ नदीकाठची. पहिल्यात भर उन्हाळा. दुसऱ्यात दोन्ही बाजूंना उंच पूरबांध, मधून वाहणारी सुमारे पाच फूट खोल नदी, जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून उचलून आणणारा कंपनी रनर, म्हणजे निरोप्या. रेजिमेंट तीच, देश तोच, पण दोघांचे बेस एकमेकांशी बदलले तर दोन्ही खोटे ठरतील.

पहिल्या कामासाठी मी घाडगे सुचवतो, कारण कोरडी जमीन नवख्याच्या हाताला सोपी जाते. त्यांच्या सन्मानपत्रात तपशील नेमके आहेत. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले, म्हणजे छोट्या तुकडीतले, बाकी सगळे पडले. ते एकटेच टॉमीगन झाडत पुढे धावले, हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीनंच झोडपलं. मग शत्रूच्या स्नायपरच्या गोळ्या लागून ते धारातीर्थी पडले. रंगवणाऱ्याच्या दृष्टीनं यातली मोठी गोष्ट अशी की हातात रायफल नाही, थॉम्सन, म्हणजेच टॉमीगन आहे. मराठा नाईक म्हणून सवयीनं ली-एन्फील्ड रायफल दिलीत तर पहिल्याच नजरेत चूक. वाचन आधी करायचं ते यासाठी.

किट शोधताना ‘मराठा’ नावाचा डबा मिळायची वाट बघू नका. १/३५ मध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश पायदळाचे प्लास्टिकचे संच मिळतात. भारतीय तुकड्यांचं हेल्मेट, पट्टे, पाऊच, हत्यारं बहुतांशी तीच होती. फरक पडतो तो चेहऱ्यात, आणि तो ब्रशनं येतो.

कोणता आकार

१/३५ मध्ये पाच फूट आठ इंचाचा माणूस साधारण ४९ मिमी भरतो. १/७२ मध्ये तोच २४ मिमी, आणि त्याच्या चेहऱ्यावर काम करणं नवख्याला जड जातं. ७५ मिमीची फिगर, म्हणजे साधारण १/२४, रंगवायला सगळ्यात आनंदाची, पण ती बहुधा रेझिनची आणि महाग. म्हणून सुरुवात १/३५ प्लास्टिकपासून. प्लास्टिक किटच्या सिमेंटनं वितळून जोडलं जातं, चुकलं तर कापून परत लावता येतं. रेझिन आणि धातूला सिमेंट चालत नाही, तिथे फेविक्विकसारखं सुपरग्लू किंवा अॅराल्डाइट लागतं. रेझिन घासताना पाण्यात बुडवून घासा आणि तोंडाला चांगला मास्क लावा, ती धूळ फुप्फुसाला वाईट.

नाशिकमध्ये काय मिळतं, काय मागवावं लागतं

किट आणि फिगरचे खास रंग ऑनलाइन मागवावे लागतात. वालेहोच्या थेंबवाल्या बाटल्या सोयीच्या, तामियाचे रंगही चांगले. पहिल्या फिगरला आठ-दहा बाटल्या पुरतात: काळा, मोडका पांढरा (ऑफ-व्हाइट), खाकी, ऑलिव्ह हिरवा, गडद तपकिरी, तांबूस तपकिरी, पिवळसर गेरवा, एक त्वचेचा फिकट रंग, एक करडा, एक अल्ट्रामरीन निळा. पूर्ण सेट घेऊ नका, त्यातले अर्धे रंग वापराविना सुकतात.

बाकीचं सगळं गावात आहे. शालिमार, मेनरोड, कॉलेज रोडच्या स्टेशनरी आणि चित्रकलेच्या दुकानांत ब्रश, कॅम्लिनचे अॅक्रिलिक रंग, मॅट व्हार्निश, कोरडे पेस्टल. हार्डवेअरच्या दुकानात एम-सील, फेविकॉल, ४०० ते १००० नंबरचे वॉटर पेपर. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात करड्या प्रायमरचा स्प्रे. किराण्यात मुलतानी माती आणि गेरू. नर्सरीत कोकोपीट. सुताराकडे सागवानाचे तुकडे, किंवा ट्रॉफी बनवणाऱ्यांकडे पॉलिश केलेले लाकडी ठोकळे.

ब्रशमध्ये कंजुषी नको. नवखा माणूस हमखास तीन शून्यांचा, केसाएवढा ब्रश उचलतो. त्यात रंग राहतच नाही, टोकावर येईपर्यंत वाळतो. चांगल्या टोकाचा १ नंबरचा राउंड ब्रश घ्या, सेबल केसांचा मिळाला तर उत्तम. त्याच्या टोकानं डोळाही काढता येतो आणि पोटात रंगही राहतो. जोडीला एक शून्य नंबर आणि ड्रायब्रशसाठी, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशनं उंचवट्यांवर रंग घासण्यासाठी, एक जुना चपटा. सेबलला अॅराल्डाइट, फेविकॉल, स्पिरिट यांच्या जवळपास नेऊ नका. काम झालं की साबणाच्या पाण्यात धुऊन ओठांनी नाही, बोटांनी टोक करून ठेवा.

रंगाला ओली पॅलेट हवीच. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत प्लास्टिकच्या झाकणावरचा अॅक्रिलिक बघता बघता कातडं धरतो. घट्ट झाकणाचा चपटा डबा घ्या, त्यात ओला स्पंज, वर बटर पेपर. पेपर आधी भिजवून घ्या, नाहीतर कडा वर वळतात. त्यावर घेतलेला रंग झाकण लावून ठेवला तर दुसऱ्या दिवशीही चालतो.

साफसफाई आणि जोडणी

भाग फ्रेममधून कटरनं थोडं अंतर ठेवून कापा, उरलेलं टोक ब्लेडनं कापून घासा. साच्याची शिवण, म्हणजे दोन बाजू जुळल्याची बारीक रेष, पायाच्या कडेनं, बाहीवरून, हेल्मेटवरून जाते. ब्लेडची धार आडवी धरून ती खरवडायची, कापायची नाही. प्रायमर मारल्यावर राहिलेली प्रत्येक शिवण ओरडून सांगते, त्यामुळे या टप्प्यावर घाई करू नका. कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशनं फिगर धुऊन वाळवा.

आधी धड, पाय, डोकं जोडा. हात आणि बंदूक एकाच बैठकीत, सिमेंट ओलं असताना जुळवा, म्हणजे दोन्ही पंजे हत्यारावर नीट बसतात. पाऊच आणि पाण्याची बाटली शरीराला चिकटून, थोडी खाली ओढल्यासारखी लावा. वजन असलेली वस्तू लोंबते. फट राहिली तर एम-सीलचा दाणा भरून ओल्या टूथपिकनं सपाट करा.

मग एका टाचेत हातानं फिरवायच्या ड्रिलनं एक मिलिमीटरचं भोक पाडून पेपर क्लिपची तार बसवा. ती तार रंगवताना औषधाच्या बाटलीच्या बुचात खुपसायची, म्हणजे फिगरला हात लागत नाही. शेवटी तीच बेसमध्ये जाते.

जाता जाता एक गोष्ट. देवळाली, नाशिकरोड भागात निवृत्त जवान, हवालदार, सुभेदार साहेब जवळजवळ प्रत्येक गल्लीत भेटतात. त्यांना आदरानं विचारा की भरलेला पाऊच कुठे टोचतो, पळताना पाण्याची बाटली कुठे सरकते, हेल्मेटची पट्टी घाम आल्यावर कशी बसते. पुस्तकातल्या चित्रापेक्षा जास्त मिळतं, आणि सांगतानाही त्यांना बरं वाटतं. लष्करी हद्दीत मात्र फोटो काढायला जाऊ नका.

प्रायमर आणि आपली हवा

प्रायमरशिवाय अॅक्रिलिक धरत नाही. पावसाळ्यात दमट हवेत स्प्रे मारला की पृष्ठभाग पांढरट, खरखरीत होतो. जुलै-ऑगस्टमध्ये मारायचाच असेल तर ढग उघडलेल्या दुपारी, कोरड्या गच्चीवर. कडक उन्हात उलटा त्रास, रंग हवेतच वाळून भुकटीसारखा बसतो. आपल्याकडे हिवाळ्यातली उशिराची सकाळ या कामाला सर्वात चांगली, हवा कोरडी आणि ऊन सौम्य. डबा नीट हलवा, २०-२५ सेंमीवरून, झटकन पुढे जाणारे छोटे फवारे. गाडीचा प्रायमर आधी रिकाम्या फ्रेमवर मारून बघा, काही प्रायमर प्लास्टिक खातात.

आधी सगळी फिगर काळ्यानं किंवा गडद करड्यानं झाका, मग फिकट करडा वरून तिरपा मारा, शेवटी मोडका पांढरा बरोब्बर डोक्यावरून. आता फिगरवर सूर्य कुठे आहे ते दिसतं. या अवस्थेत मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा. पुढे खाकी रंगवताना कोणती घडी उजळायची आणि कोणती सोडायची हे त्या फोटोत सापडेल.

चेहरा

चेहऱ्यासाठी दोन-तीन संध्याकाळी द्या. १/३५ मध्ये डोकं साडेसहा मिलिमीटर उंच आणि डोळ्याची उघडी फट एक तृतीयांश मिलिमीटर. म्हणजे खऱ्या माणसाकडे दहा-बारा मीटरांवरून बघतो तसं बघायचं. त्या अंतरावरून डोळ्यातला पांढरा जवळजवळ दिसत नाही, भुवईखालची सावली दिसते. बहुतेक नव्या फिगर डोळे वटारून बघतात, कारण पांढरा रंग जास्त पडलेला असतो.

रंगाची घनता आधी सांगतो: गाईच्या दुधाइतका पातळ. बटर पेपरवर ओढल्यावर खालचा कागद थोडा दिसला पाहिजे. असे दोन-तीन हात द्या, एकाच जाड हातात काम संपवू नका.

आपल्या माणसाच्या त्वचेसाठी डब्यावरचा ‘फ्लेश’ कामाचा नाही, तो युरोपीय गोरा आहे. दोन भाग बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), एक भाग यलो ऑकर (पिवळसर गेरवा), चिमूटभर बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) हा पाया. सावलीसाठी यातच अंबर वाढवा आणि अल्ट्रामरीनचा अगदी थोडा अंश घाला. निळ्यानं सावली खोल जाते आणि काळ्यासारखी मरत नाही. उजेडासाठी ऑकर वाढवत जा आणि शेवटच्या टप्प्यात त्वचेचा फिकट रंग थेंबभर. पांढरा थेट मिसळलात तर चेहरा खडू फासल्यासारखा होतो. गव्हाळ, सावळा, काळसर असे सगळे चेहरे याच तीन-चार रंगांत, प्रमाण बदलून येतात.

पायाचा रंग वाळला की क्रम असा. डोळ्यांच्या खोबणीत, नाकाच्या दोन्ही बाजूंना, खालच्या ओठाखाली, हनुवटीखाली आणि हेल्मेटच्या पट्टीलगत गडद सावली. मग डोळे. खोबणीत मोडक्या पांढऱ्याची आडवी बारीक रेघ, त्यावर गडद तपकिरीची उभी रेघ, वरच्या पापणीपासून खालच्या पापणीपर्यंत. बुबुळाचा गोल ठिपका काढू नका, ठिपका काढला की माणूस दचकलेला दिसतो. दोन्ही डोळे एकाच दिशेला, किंचित बाजूला बघणारे ठेवा. मग वरची पापणी गडद तपकिरीनं आखा आणि त्वचेच्या रंगानं वरून-खालून दाबत डोळा लहान करत आणा. खरा आकार या शेवटच्या दाबण्यात येतो.

हात थरथरतो अशी तक्रार सगळे करतात. दोन्ही मनगटं टेबलाच्या कडेला टेकवा आणि ब्रशच्या हाताची करंगळी बुचावर. गणेशोत्सवाआधी एखाद्या मूर्तिकाराच्या कारखान्यात परवानगी घेऊन थोडा वेळ उभे राहा आणि डोळ्यांची आखणी चालू असताना फक्त हात बघा. ब्रश बोटांनी फिरतो, मनगट जागचं हलत नाही. कारागिराच्या शेजारी उभं राहून हे जेवढं कळतं तेवढं मी लिहून सांगू शकत नाही.

मग कपाळ, नाकाचा शेंडा, गालाची हाडं, हनुवटी उजळा. खालच्या ओठाला तांबूस छटा, वरचा ओठ गडदच. दाढीच्या भागावर निळसर करड्याचा पाण्यासारखा पातळ थर दिला की दोन दिवसांची खुंटं दिसतात. मिशी काळ्याऐवजी गडद तपकिरी, वरून करड्याच्या दोन-तीन रेघा. तळहात आणि नखं त्वचेपेक्षा एक छटा फिकट.

खाकी

खाकी एकच रंग समजून बाटलीतून सरळ लावला तर फिगर पुठ्ठ्याची दिसते. इटलीच्या उन्हाळ्यातला सुती शर्ट धुऊन धुऊन खांद्यावर विटलेला असतो, पट्ट्याखाली मूळ रंगाचा. पाया म्हणून बाटलीतला खाकी, थोडा तपकिरी आणि ऑलिव्हचा थेंब. सावल्यांसाठी तपकिरी वाढवा. उजेडासाठी मोडका पांढरा आणि ऑकर, तोही खांदे, बाहीच्या घड्यांचे माथे आणि गुडघे एवढ्यावरच. काखेत आणि पाठीवर पट्ट्यांच्या मध्ये घामाचा गडद डाग टाका, त्याच्या कडेला किंचित फिकट रेघ, वाळलेल्या मिठाची. जुलै महिना तिथे दिसतो.

१९३७ च्या नमुन्याचे पट्टे आणि पाऊच शर्टापेक्षा हिरवट ठेवा. सैनिक त्यावर ब्लॅन्को, म्हणजे पट्ट्यांना लावायचं रंगीत मिश्रण, चोळायचे, त्यामुळे ती छटा वेगळी असायची. शर्ट आणि पट्टे एकाच रंगात बुडाले तर कुठे काय संपतं ते कळत नाही. जोडांवर गडद तपकिरीचा वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ केलेला रंग, ब्रशच्या टोकानं सोडा. सगळ्या फिगरवर ओतला तर आधीचे उजळ भाग मळतात.

चामडं, लाकूड, लोखंड यांचं काम पटकन होतं. बूट काळ्याऐवजी खूप गडद तपकिरी, टोकं घासलेली. थॉम्सनचा दस्ता तांबूस तपकिरी, वर बारीक फिकट रेघा. लोखंडाला गडद करडा देऊन वाळल्यावर ६बी पेन्सिलीचं शिसं बोटानं कडांवर घासा, चंदेरी रंगापेक्षा कितीतरी खरं दिसतं. हेल्मेटच्या कडांवर दोन-चार ओरखडे पुरे. शेवटी मॅट व्हार्निशचे दोन पातळ हात.

बेस

दिवाळीत किल्ला केलेल्या कोणालाही बेसची अर्धी विद्या येतच असते. माती चाळायची, दगड गाडायचे, उतार दाबून बसवायचा, हे हाताला ठाऊक आहे. फरक प्रमाणाचा. किल्ल्यावर अहळीव पेरून हिरवळ उगवते ती १/३५ च्या सैनिकाला गळ्यापर्यंत येईल. म्हणून प्रत्येक वस्तू लावण्याआधी मिलिमीटरमध्ये मोजा. गुडघाभर, म्हणजे ४०-५० सेंमी उंच गवत इथे १२ ते १४ मिमी. वीटभर दगड सहा-सात मिमी. अंगठ्याएवढी फांदी या मापात झाडाचं खोड होते.

ठोकळा लहान घ्या, सात-आठ सेंटिमीटरचा. मोठ्या बेसवर एकटा माणूस हरवतो आणि रिकामी जागा भरायला तुम्ही नको त्या वस्तू आणता. ठोकळ्याच्या पॉलिशवर मास्किंग टेप आधी चिकटवा. जमिनीला उतार द्या आणि फिगर कडांना समांतर उभी करू नका, थोडी तिरकी ठेवा. घाडगे उतारावर वरच्या दिशेनं धावत आहेत, पुढे तुटकी दगडी बांधाची कड, अशी मांडणी मला आवडते. शत्रूची मशीनगन दाखवायची गरज नाही, त्यांची नजर तिकडे आहे एवढं पुरतं.

उतारासाठी थर्माकोलचा तुकडा चिकटवून कोरा. त्यावर फेविकॉलचा पूर्ण थर द्या, उघड्या थर्माकोलला स्प्रे लागला की तो विरघळतो. आता माती. जुन्या कढईत दहा-पंधरा मिनिटं कोरडी भाजून घ्या, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात बेसवर बुरशी येते. चहाच्या गाळणीतून एकदा आणि मलमलच्या फडक्यातून एकदा चाळा. दोन्हीतून राहिलेले खडे वेगळे ठेवा, ते पुढे लागतात. बारीक माती, प्लास्टर, फेविकॉल, पाणी आणि तपकिरी अॅक्रिलिक मिसळून श्रीखंडापेक्षा थोडं सैल मिश्रण करा आणि तीन-चार मिमी पसरा. अर्धवट ओलं असताना खडे दाबून बसवा, एका मोठ्या खड्याच्या भोवती तीन-चार लहान, कारण दगड निसर्गात एकटा पडत नाही. मग फिगरचे बूट ठसा उमटेल एवढे दाबून उचलून घ्या आणि तारेचं भोकही आताच पाडा. बूट मातीत किंचित रुतलेले दिसले तरच माणसाला वजन येतं.

आपली काळी माती आणि मुरूम पोतासाठी वापरा, रंगासाठी नाही. नाशिकची काळी तशीच ठेवली तर घाडगे टायबरऐवजी निफाडच्या बांधावर उभे दिसतील. एक दिवस वाळू द्या, मग सगळ्या बेसवर प्रायमर, वर फिकट पिवळसर तपकिरी, खळग्यांत गडद वॉश, उंचवट्यांवर वाळूच्या रंगाचा ड्रायब्रश. रामशेजच्या तटावरचा मावळा करायचा असेल तर गोष्ट वेगळी. १६८२ साली मोगलांनी वेढलेला आणि पुढे कित्येक वर्षं झुंजलेला हा किल्ला पेठ रोडवरून दिसतो. तिथला काळा बेसाल्ट आणि खालची माती रंगासकट वापरा, याहून खरं काही मिळणार नाही. किल्ल्यावरचे घडीव दगड मात्र हलवू नका, पायथ्याची मूठभर रेती पुरते.

गवतासाठी नारळाचा काथ्या. चार-पाच धागे एकत्र धरून बुडाला फेविकॉल, टोकं तिरपी कापा, सुईनं भोक पाडून रोवा. काथ्याचा मूळ रंगच इटलीतल्या जुलैच्या वाळलेल्या गवताचा आहे, बुडाशी थोडा ऑलिव्ह दिला की झालं. पुंजके विषम ठेवा, दगडाच्या आडोशाला दाट, वाटेवर अजिबात नाही.

आणि द्राक्षाची काडी. हे आपल्या जिल्ह्याचं वैभव आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर किंवा ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर ओळखीच्या बागायतदाराकडून मूठभर काड्या मागून आणा, जुन्या वेलाचा सुकलेला तुकडा मिळाला तर फारच छान. सुटत आलेली धागेदार साल या मापात जुन्या झाडाच्या खोडासारखी दिसते. इटलीच्या त्या भागातही द्राक्षमळे आहेत, त्यामुळे तुटका वेल म्हणूनही ती शोभते. आठवडाभर कडक उन्हात वाळवा, किडीची भोकं नाहीत ना बघा आणि पातळ व्हार्निशमध्ये बुडवून घ्या. गोळ्यांनी तुटलेली फांदी दाखवायची तर करवतीनं कापू नका, पिळून मोडा, आतला तंतू फिकट राहू द्या.

दोघांना एकत्र आणणं

मुलतानी माती आणि गेरू वेगवेगळे बारीक करून, बेसच्या मातीशी जुळेल अशी भुकटी तयार करा. गेरू कमीच, तो पटकन चढतो. ही एकच भुकटी दोन्ही ठिकाणी लावायची. बेसवर दगडांच्या सांध्यात आणि वाटेवर. फिगरवर बुटांच्या वर, पँटच्या खालच्या तिसऱ्या भागात, गुडघ्यांवर, कोपरांवर, थोडी पाठीवरच्या पिशवीच्या तळाला. कोरड्या ब्रशनं टोचत लावा, जास्तीची फुंकून टाका आणि ड्रॉपरनं आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब कडेला सोडा, तो पसरून भुकटी बसवतो. वाळल्यावर ती आधीपेक्षा गडद किंवा फिकी दिसू शकते, म्हणून थोडी थोडी लावा. यानंतर व्हार्निश मारू नका, धूळ गायब होते.

तार अॅराल्डाइटनं भोकात बसवा, बूट ठशात टेकवा, राहिलेल्या फटीत चिमूटभर माती आणि पातळ फेविकॉल. मास्किंग टेप काढा. ठोकळ्यावर छोटी पट्टी लावायची असेल तर नाव, जागा आणि तारीख, बाकी काही नको. काचेची पेटी पश्चिमेच्या उन्हापासून दूर ठेवा आणि आत धूळ गेलीच तर मेकअपच्या मऊ ब्रशनं झाडा, कापडानं पुसू नका, काथ्याचं गवत अडकून निघतं.

दुसरी फिगर: पाणी

हे जमलं की नामदेव जाधव करा. सेनिओच्या काठचा एखादा पंधरा फुटी बांध १/३५ मध्ये १३ सेंमी उंच होतो, आणि पाच फूट पाणी साडेचार सेंमी खोल. पूर्ण बांध करायला जाऊ नका. त्याचा खालचा उतार आणि पाण्याची कड एवढाच कापलेला तुकडा घ्या. पाण्याला दोन भागांचं इपॉक्सी रेझिन लागतं, ते चित्रकलेच्या दुकानांत मिळतं. तळ फेविकॉलनं नीट बंद करा, नाहीतर मातीतून बुडबुडे येत राहतात. कडेनं पारदर्शक ओएचपी शीटचा बांध चिकटवा. नदीचा तळ जवळजवळ काळा रंगवा, म्हणजे सहा-सात मिमी रेझिनही खोल वाटतं. पॅकवरच्या प्रमाणात वजन करून मिसळा, ऑलिव्ह-तपकिरीचा एक थेंब घाला, तीन मिमीच्या थरांत ओता आणि प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या. हे काम पावसाळ्यात करू नका, दमट हवेत रेझिनवर पांढरट साय धरते. फिगरची पँट कमरेपर्यंत दोन छटा गडद करा, तिथे मॅटऐवजी ग्लॉस व्हार्निश द्या आणि ओल्याची रेघ सरळ न ठेवता वरखाली जाऊ द्या. बुटांवर यावेळी धूळ नाही. त्याच मातीच्या भुकटीत ग्लॉस व्हार्निश कालवून केलेला चिखल टाचेपासून वर, आतल्या बाजूला जास्त, आणि बांधाच्या उतारावर घसरलेल्या बुटाचा लांबट ठसा.